दुसरी काडीमोड

आम्ही देव टाकले, पण काडी टाकली नाही. शेवंताची गोष्ट इथूनच सुरू करावी लागते. ती सांगताना स्वतःलाही चार शिव्या घालाव्या लागतात, कारण तिची काडी मोडणाऱ्या पाच पंचांत मी एक होतो.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठचं. छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. आल्या आल्या मोहल्ल्यातल्या घरोघरचे देव एका टोपल्यात गोळा केले आणि नदीच्या डोहात सोडून दिले. त्या टोपल्याला पहिला हात लावला तो रुक्माबाईने. साठी उलटलेली म्हातारी, पण ताठ. आपल्या घरचे पाच टाक, म्हणजे देवांचे कोरीव पत्रे, तिने स्वतः टोपल्यात टाकले आणि मोठ्याने ‘जय भीम’ म्हणाली. जवान माणसं मागे उभी राहून एकमेकांची तोंडं पाहत होती, त्यांना तिने लाज आणली. तिची सून शेवंता तेव्हा वीस-बावीसची असेल. सासूकडे पाहून तिची छाती दोन बोटं फुगली होती. सासू-सुनेचं एवढं गूळपीठ मी दुसऱ्या घरात पाहिलं नाही.

तीन महिन्यांनी रुक्माबाई तापाने गेली. आम्ही तिला मोठ्या मानाने पोचवलं. पंधरा-वीस दिवसांनी शेवंताने तुरी काढायला कोठीत हात घातला, तर हाताला एक पुरचुंडी लागली. आत टाक होते. पाचातले तीन.

तिने नवऱ्याला विचारलं. टिकाराम गावातला सगळ्यात तरबेज बुडी मारणारा. डोहातून ते दुसऱ्या कुणी काढणं शक्यच नव्हतं. ‘हो, म्याच काढले,’ एवढंच तो म्हणाला. का काढले, कशासाठी लपवले, यावर त्याच्या तोंडाला कुलूप. शेवंता मुळातच तापट. पुरचुंडी घेऊन ती थेट पंचांपुढे आली आणि म्हणाली की ज्या घरात माझ्या सासूने देव टाकले, त्याच घरात तिच्या माघारी हा माणूस चोरून देव ठेवतो, अशा खोट्या माणसाचं तोंड मला पाहायचं नाही.

आम्हा पंचांना तर नव्या नवलाईचा जोर चढला होता. टिकारामला आम्ही नाही नाही ते बोललो. तो मान खाली घालून बसला, माफी मागेना आणि कारणही सांगेना. मग फारकतीवर गोष्ट आली, आणि फारकत म्हणजे बापजाद्यांच्या रीतीने काडीमोड. नवरा-बायकोने काडीचं एकेक टोक धरायचं आणि ओढून मोडायची, की संसार संपला. देव ठेवणं ही जुनी घाण आणि काडी मोडणं हा मात्र न्याय, हे आम्हाला एकाच बैठकीत, एकाच तोंडाने पटलं! मी उंच, म्हणून छपरातली काडी मीच ओढून काढली.

दोघांनी टोकं धरली. मला आठवतं, बराच वेळ कुणीच ओढेना. दोघंही खाली पाहत होते. मग आमच्यातलाच एक जण खेकसला, आणि काडी मोडली.

पुढे ज्याचं त्याचं नशीब ज्याला त्याला भिलाईला घेऊन आलं. तेव्हा आमच्याकडचा जो तो भिलाईलाच निघाला होता. माळरानावर पोलादाचा कारखाना उभा राहत होता आणि ज्याला दोन हात आहेत त्याला काम होतं. टिकाराम कारखान्यात खलाशी म्हणून लागला. चेन-पुलीवर जड सामान चढवायचं-उतरवायचं काम. मी सातवी पास, म्हणून एका ठेकेदाराकडे मुन्शी झालो, हजेरी घ्यायला. टिकारामच्या मामाने अठ्ठावन्न साली त्याचं दुसरं लग्न लावून दिलं. मुलगी ललिता, मायबाप नसलेली, मामीच्या हाताखाली वाढलेली. त्यांनी दुर्गला एक खोली भाड्याने घेतली.

त्याच वर्षी शेवंता आली. फारकत झालेल्या नणंदेला भावजयीने किती दिवस पोसावं? गावच्या बायकांसोबत ती दुर्ग स्टेशनवर उतरली आणि आमच्या ठेकेदाराकडे रेजा म्हणून उभी राहिली. घमेली वाहायचं काम. नाव लिहून घेताना रजिस्टरात नवऱ्याचं किंवा बापाचं नाव लिहावं लागे. बाप मेलेला. मी मान वर न करता नवऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘टिकाराम’. नंतर मी स्वतःची समजूत घातली की एकट्या बाईच्या नावापुढे पुरुषाचं नाव असलेलं बरं, मुकादम जपून वागतात. पण खरं सांगायचं तर ते सवयीने झालं. शेवंताला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिला पत्ताच नव्हता.

वर्षभर ती दोघं एकाच कारखान्यात होती आणि एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. तो समोरून येताना दिसला की ती डोक्यावरच्या घमेल्यासकट तोंड फिरवायची. तो तर वाटच बदलायचा.

एकोणसाठच्या ऑगस्टात ते घडलं. पंप बसवण्यासाठी तीस फूट खोल खड्डा खणला होता. त्याच्या तळातून पाइप नेण्यासाठी माणूस उभा राहील एवढा सिमेंटचा बोगदा काढलेला. बोगदा पुढे थोडा चढत गेलेला आणि त्याचं दुसरं टोक अजून बंदच होतं. खड्ड्याच्या शेजारून पाण्याचा मोठा नाला जात होता, तो मातीच्या आणि वाळूच्या पोत्यांच्या बांधाने अडवलेला. तीन दिवस पाऊस कोसळत होता. बांध पाझरतोय हे बायकांनीसुद्धा मुकादमाला सांगितलं होतं. पण आमच्या ठेकेदाराला तारीख गाठायची होती, आणि मुकादमाला ठेकेदाराची मर्जी.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला बांध फुटला. खड्ड्यातली माणसं शिडीवरून कशीबशी वर आली. मी रजिस्टर उघडून नावं पुकारत सुटलो. सगळ्यांची ओ आली, एकीची आली नाही. ती बोगद्यात चिखल काढायला आत गेलेली. मी पुन्हा ओरडलो, ‘शेवंता!’

टिकाराम तिथेच वर चेन-पुलीवर होता. त्याने कमरेचा पाना तसाच ठेवला, शिडीवरून अर्ध्यापर्यंत उतरला आणि पाण्यात बुडी मारली. त्याला कुणी पाठवलं नव्हतं, आणि अडवायला कुणाला वेळही मिळाला नाही. नंतर मी त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘नाव आयकलं न् उतरलो. मंग समजलं का आपन उतरलो.’

तो बोगद्यातून पोहत तिच्यापर्यंत पोचला, पण परत फिरण्याइतका दम उरला नव्हता. पाणी बोगद्याचं तोंड झाकून कधीच वर चढलं होतं. बंद टोकाकडे थोडी हवा अडकून राहिली होती. तिथे पाइप ठेवायच्या लोखंडी ब्रॅकेटवर दोघं उभी राहिली. पाणी तिच्या गळ्यापर्यंत, त्याच्या छातीपर्यंत. तिने लुगड्याचा पदर त्याच्या कमरेला बांधला, कारण अंधारात पाय घसरला तर कुणाला कळणारही नव्हतं. वरून आत आणलेला एक पाइप तिथे आधीच बसवलेला होता, त्यावर तो पान्याने ठोके देऊ लागला, तीन-तीन. वर मी पाइपला कान लावून बसलो होतो. ठोके ऐकले आणि मला रडूच फुटलं.

आतलं बोलणं मला पुढे दोघांकडून कळलं. त्याने थोडं सांगितलं, तिने कितीतरी वर्षांनी बाकीचं.

पहिला तास-दीड तास ती दोघं बोललीच नाहीत. गळ्याशी पाणी आलं तरी अढी सुटेना. मग तिनेच विचारलं, आणि काय विचारलं? मरण समोर असताना बाईने तेच विचारलं, जे दोन वर्षं तिच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं.

‘आता तं सांगा. देव कावून काढले होते?’

तो म्हणाला, ‘मायनं मांगतले.’

मग त्याने सगळं सांगितलं. रुक्माबाई तापात रात्रंदिवस तळमळत होती. एकदा त्याचा हात धरून म्हणाली की मला ते एकदा हातात दे रे, जन्मभर ज्यांच्यापाशी बोलले त्यांना असं बुडवून मला मरवत नाही. तीन पहाटे तो डोहात बुड्या मारत होता. पाचातले तीन सापडले. शेवंता रानात गेलेली असताना म्हातारीने ते छातीशी धरले आणि तिचा जीव शांत झाला. पण जाताना तिने त्याच्याकडून वचन घेतलं.

‘मनली, शेवंताले सांगू नोको. ते मले लय मानते. तिच्या नजरेतून मले उतरवू नोको.’

म्हणून तो पंचांपुढे मुका बसला. आईचा मान गावात राहावा आणि सुनेच्या मनात राहावा, यासाठी त्याने बायको गमावली. आणि आम्ही शहाण्या पंचांनी त्याला ढोंगी ठरवलं!

शेवंता त्या पाण्यात रडली. म्हणाली, ‘मले सांगतलं असतं तं मीच उशाशी ठेवले असते ते. माय होती ते माही.’ मग म्हणाली, ‘मले वाटत होतं, तुमी काडी सोडून द्याल. म्हून मी धरून होती.’

तो म्हणाला, ‘मीबी त्याच्यासाठीच धरून होतो. मनलं, हे सोडन.’

हे ऐकून मी किती रात्री कूस बदलत काढल्या, ते माझं मला ठाऊक. काडीचं टोक त्या दोघांपैकी कुणालाच ओढायचं नव्हतं. खेकसलो आम्ही.

त्यानंतर आत काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. एवढंच कळलं की हवा जड होऊन तिला झापड येऊ लागली, तेव्हा तो तिला जागं ठेवायला एकेक जुनी आठवण विचारत होता. लग्नात रुसलं कोण होतं, पहिल्या वर्षी घराला गेरू कुणी लावला होता, तिची शेळी कुणाच्या वाडीत शिरली होती. चुकीचं सांगून तो तिला भांडायला लावायचा, आणि ती भांडायची. भांडणात बाई झोपत नाही, हे त्याला नवरा म्हणून माहीत होतं.

वर रशियन इंजिनियर साहेबाने पंप लावले. बोगद्याच्या बंद टोकावरची माती उकरून काँक्रीट फोडायला घेतलं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला भोक पडलं. दोघांना वर काढलं तेव्हा पदराची गाठ पाण्याने इतकी घट्ट झाली होती, की ती कापावी लागली.

एका मोठ्या साहेबाने मला विचारलं, ही बाई कोण? मी काही बोलायच्या आत माझं रजिस्टरच बोललं. शेवंता, पती टिकाराम. साहेब गहिवरला. नवऱ्याने बायकोसाठी मरणात उडी घेतली, याहून चांगली बातमी ती कोणती? हार घातले गेले, फोटो निघाला, आणि साहेबाने तिथेच जाहीर केलं की या दांपत्याला सेक्टर दोनमध्ये क्वार्टर देण्यात येईल. मी तोंड उघडलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

महिन्याभरात कागद टाइप होऊन आला. टिकाराम व पत्नी शेवंता.

टिकाराम तो कागद घेऊन माझ्याकडे आला. असा उजळलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. म्हणाला, ‘दौलतभाऊ, पंच बलाव. ललिताची काडी मोडून टाकू.’ ललिताला तेव्हा पाचवा महिना होता. मी त्याच्या थोबाडीत द्यायला हवी होती. दिली नाही. उलट मला बरं वाटलं! माझ्या हातून मोडलेला संसार माझ्याच चुकीने जुळतोय, पाप फिटतंय, असं माझ्या हलकट मनाने घेतलं. ललिताचं काय, तर तिचा मामा बघेल. मी पाव शेर पेढे घेतले आणि शेवंताकडे मजुरांच्या कॅम्पात गेलो.

संध्याकाळची वेळ. कॅम्पात आमच्या बायकांचा वर्ग भरायचा. शेवंता कंदिलाजवळ पाटीवर स्वतःचं नाव गिरवत बसली होती. ‘शे’ची मात्रा तिला जमत नव्हती. मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा आधी असा फुलला की मलाच पाहवेना. मग तिने पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘ललिताले इचारलं का?’

मी म्हटलं, तिला काय विचारायचं. तिने पेढ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी खाडा करून ती एकटी दुर्गला गेली. ललिताने तिला ओळखलं, कारण फोटो तिनेही पाहिला होता. लोक काहीबाही बोलत होते, पण त्या पोरीने वेगळाच अर्थ लावला होता. या बाईमुळे माझा नवरा जिवंत वर आला, दोघं मिळून राहिली म्हणून वाचली, आणि कागदावर नाव चुकीचं पडलं. मुन्शी लोक चुकतातच. ती जड अंगाने वाकून शेवंताच्या पाया पडली, तिला जेवायला वाढलं. कारल्याची भाजी होती, आणि पोरीने स्वतःच्या ताटातली भाकर तिच्या ताटात सरकवली. मग लाजत विचारलं, ‘ताई, तुमी पायलं का ते क्वार्टर? चूल कोन्या आंगाले हाये?’

शेवंता जेवली, भांडी घासून दिली आणि परत आली. मला म्हणाली, चला, कागद दुरुस्त करायला जाऊ.

मी पुष्कळ टाळाटाळ केली. का, ते लपवत नाही. कागद दुरुस्त होणार म्हणजे आधी चूक कुणाची ते ठरणार. टिकारामने खोटं सांगितलं असं निघालं, तर दोन बायकांचा माणूस म्हणून त्याची नोकरी गेली असती. मुन्शीने खोटं लिहिलं असं निघालं, तर माझी जाणार. शेवंता म्हणाली, ‘भाऊ, छपरातली काडी तुमीच काढली होती ना?’ मी पायात चपला घातल्या.

ऑफिसात तिघं गेलो. मी लिहून दिलं की नोंद माझ्या चुकीने झाली, हिची फारकत दोन वर्षांपूर्वीच झालेली आहे. बाबूने दुसरा कागद पुढे केला. शेवंता ही टिकारामची पत्नी नाही, पत्नीचं नाव ललिता. खाली दोघांच्या सह्या हव्यात. बाबूने शाईचा पॅड तिच्याकडे सरकवला. तिने तो बाजूला केला आणि दौत-टाक घेतला. वर्गात चार महिने गिरवलेलं नाव तिने जन्मात पहिल्यांदा कागदावर लिहिलं. मात्रा वाकडी आली, पण आली.

मग टाक टिकारामपुढे. तो हात लावेना. कागदाचं एक टोक धरून बसला, दुसरं टोक तिच्या हातात. मी भिंतीकडे पाहत राहिलो. तो हळूच म्हणाला, ‘पान्यात काय बोलली होती तू?’

‘जे बोलली ते खरंच बोलली,’ शेवंता म्हणाली. ‘मरतपर्यंत खरं राहीन ते. पन ते पोरगी चुलीची जागा इचारून राहिली. मांगच्या टायमाले दोघांनी धरून ठेवलं न् मोडलं. आता मी सोडून राहिली. तुमीबी सोडा.’

तिने आपलं टोक सोडलं. त्याने सही केली.

ललिताला त्या क्वार्टरात दोन पोरं झाली, टिकाराम तिथूनच रिटायर झाला. शेवंता कॅम्पातच राहिली. दुसरं लग्न केलं नाही. अंग चालेपर्यंत रेजाचंच काम केलं, आणि कुणी विचारलं तर टिकारामला ओळखते एवढंच सांगायची. जयंतीला दोघं समोर आली तर ‘जय भीम’ म्हणत, इतर माणसं म्हणतात तसंच, आणि आपापल्या वाटेने जात. मी मात्र त्या वेळी मान खाली घालायचो. अजून घालतो.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. ऑफिसातून ती थेट कामावर गेली, कारण अर्धा दिवस उरला होता. मला ठेकेदाराने दुपारीच काढून टाकलं, आणि माझ्या जागी नवा मुन्शी बसला. कोरं रजिस्टर उघडून तो एकेकीचं नाव नव्याने लिहीत होता. मी माझी पिशवी घ्यायला तिथे गेलो होतो. शेवंताचा नंबर आला. त्याने नाव लिहिलं आणि विचारलं, ‘पती का नाम?’

‘कोनाचंच नोको लिवू,’ ती म्हणाली.

मुन्शी वैतागला. रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणाला. मग त्याने टाक शाईत बुडवला आणि तिच्या नावापुढे एक आडवी रेघ ओढली. काडीएवढी.